ऑपरेशनसाठी ॲडमिट होताय? आधी, मधे आणि नंतर नेमकं काय होतं ते सगळं

गेल्या डिसेंबरात माझं पित्ताशय काढलं, त्याच्या दीड-दोन वर्षं आधी वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, म्हणजे एकदा बेडवर आणि एकदा बेडशेजारच्या रेक्झिनच्या बाकड्यावर, असा दोन्हीकडून हॉस्पिटलचा अनुभव घेऊन झालाय. ऑपरेशनची भीती वाटतेच, ती वाटणारच. पण आमची खरी तारांबळ उडवली ती बारक्या बारक्या गोष्टींनी. माझ्या ऑपरेशनच्या रात्री दोन वाजता उजवा खांदा असा ठणकायला लागला की मला वाटलं आता हार्टचंच काहीतरी, बायकोने पळत जाऊन सिस्टरना आणलं, त्यांनी बीपी बघितलं, बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावून बघितली आणि म्हणाल्या, "अहो काका, पोटात भरलेला गॅस आहे तो, उद्या चाललात की जाईल." बस्स. हे एक वाक्य मला संध्याकाळी कोणी बोललं असतं तर ती रात्र वाचली असती. (आणि मला काका म्हणाल्या, ४३ व्या वर्षी, ते दुखणं वेगळं.)

म्हणून हे लिहितोय, ज्या क्रमाने गोष्टी होतात त्याच क्रमाने. मी डॉक्टर नाही, तुमचे डॉक्टर जे सांगतील तेच करायचं, माझं फक्त पुढे काय येणारे ते माहीत असावं एवढ्यासाठी.

दुखणं ते तारीख

माझं सुरू झालं ते मिसळीने. रविवारी सकाळी नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला मित्रांसोबत मिसळ, तर्री दोनदा मागून घेतलेली, आणि दुपारी बरगडीखाली उजव्या बाजूला अशी कळ की सरळ बसता येईना. ॲसिडिटी समजून गोळ्या खाल्ल्या. तिसऱ्यांदा झालं तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी सोनोग्राफीला पाठवलं. ही सोनोग्राफी उपाशीपोटी करायची असते कारण काही खाल्लं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि मग खडे नीट दिसत नाहीत, मी चहा-बिस्कीट खाऊन गेलो होतो तर परत पाठवलं.

आता एक गैरसमज आधीच मिटवतो कारण प्रत्येक नातेवाईक हेच बोलला: "खडे आहेत ना, मग भरपूर पाणी पी, पडून जातील." तो मुतखडा. किडनीतला खडा लघवीवाटे पडू शकतो, पित्ताशयातल्याला तशी वाट नाही, तो सरकला तर पित्तनलिकेत अडकतो आणि मग कावीळ, स्वादुपिंडाला सूज असलं महागात जाणारं प्रकरण होतं. त्रास व्हायला लागला असेल तर नुसते खडे काढत नाहीत, आख्खं पित्ताशयच काढतात, कारण पिशवी ठेवली तर खडे परत होतात. पित्त लिव्हरमधेच तयार होतं, पित्ताशय फक्त साठवण, त्यामुळे ते काढलं तरी पित्त थेट आतड्यात उतरत राहतं आणि पचन चालू राहतं. आणि त्रास काहीच नसेल, दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले असतील, तर बऱ्याचदा डॉक्टर नुसतं लक्ष ठेवा म्हणतात, त्यामुळे रिपोर्ट हातात पडल्या पडल्या घाबरून तारीख घ्यायला धावू नका.

हल्ली हे दुर्बिणीतून करतात. आपल्याकडचं पहिलं असं ऑपरेशन १९९० साली मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमधे डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केलं, त्याआधी पोटावर चांगला वीतभर काप घ्यायचे. आमच्या आत्याच्या पोटावर तो आहे अजून. आता बहुतेक वेळा चार बारीक छिद्रं, अर्ध्या ते एक-सव्वा सेंटीमीटरची.

सर्जनला भेटताना प्रश्न कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर डोकं बंद पडतं. माझे प्रश्न होते: भूल कुठली, किती दिवस ॲडमिट, दुर्बिणीतून जमलं नाही तर काय, सगळा मिळून खर्च किती, कामावर कधी. आणि शेवटी मिसळ कधी. डॉक्टर हसले पण उत्तर दिलं नाही.

पैशाचं आधी बघा, नंतर बघू म्हणू नका

मेडिक्लेम असेल तर ठरलेल्या तारखेच्या दोन-चार दिवस आधी हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला (विम्याचे कागद बघतात ते टेबल) जाऊन पॉलिसी, आधार, सोनोग्राफी रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी देऊन या. पॉलिसीत एकच गोष्ट डोळे फाडून वाचा, रूम रेंटची मर्यादा. समजा मर्यादा दिवसाला ४,००० आणि तुम्ही ८,००० ची डीलक्स रूम घेतली, तर वरचे ४,००० भरून सुटका होईल असं वाटतं, पण तसं नसतं, डॉक्टरांची फी, ओटीचा म्हणजे ऑपरेशन थिएटरचा चार्ज हेही त्याच प्रमाणात निम्मे कापले जातात. टीव्ही आणि सोफ्यापायी आमच्या एका शेजाऱ्यांना हे चांगलंच बसलं. हातमोजे, मास्क, डायपर असल्या वस्तूंचे पैसेही बऱ्याच पॉलिसीत मिळत नाहीत.

मेडिक्लेम नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना बघाच. २०१२ ला जीवनदायी नावाने सुरू झालेली तीच ही, आता आयुष्मान भारतला जोडून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, रेशनकार्ड आणि आधार लागतं. योजनेतल्या हॉस्पिटलमधे आरोग्यमित्र बसलेला असतो, त्यालाच थेट विचारा की माझं हे ऑपरेशन या हॉस्पिटलमधे योजनेत बसतं का, कारण सगळी ऑपरेशनं सगळीकडे बसत नाहीत. नाशिकमधे सरकारीला जायचं तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहे, नाशिक रोडकडच्यांना महापालिकेचं बिटको, हृदय-किडनी-कॅन्सरचं असेल तर शालिमारजवळचं संदर्भ रुग्णालय. दिंडोरी, निफाड, सिन्नरकडून येणाऱ्यांनी फाईल एकदम पूर्ण घेऊन निघावं, एका झेरॉक्सपायी आख्खा दिवस जातो.

फिटनेस

याला लोक फालतू समजतात आणि उरकायला बघतात. रक्त-लघवी, शुगर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, एचआयव्ही आणि काविळीच्या टेस्ट, छातीचा एक्सरे, ईसीजी, वय जास्त असेल किंवा हृदयाचा काही इतिहास असेल तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मग फिजिशियन बघतात आणि त्यानंतर भूल देणारे डॉक्टर, म्हणजे भूलतज्ज्ञ. ऑपरेशन चालू असताना तुमचा श्वास, बीपी, सगळं ह्यांच्या हातात असतं म्हणून ह्यांच्याशी बोलताना लाजू नका.

ते तोंड आ करायला लावतात, जीभ बाहेर, मान मागे-पुढे. मला वाटलं घसा तपासतायत. तर ती श्वासनळीत नळी घालताना अडचण येईल का याची तपासणी असते. हलणारा दात, कवळी, कॅप बसवलेला दात, रात्री जोरजोरात घोरणं, दमा, आधीच्या ऑपरेशनला भुलेचा झालेला त्रास, कुठल्या औषधाची ॲलर्जी, हे सगळं सांगायचं. तंबाखू, सिगरेट, दारू पण. बायको-आई बाजूला असली की लोक इथेच खोटं बोलतात. एकट्याने सांगायचं असेल तर "डॉक्टर, जरा दोन मिनिटं" म्हणा, त्यांना सवय असते. सिगरेट जितके आठवडे आधी बंद कराल तितकी नंतर छाती कमी भरते.

चालू गोळ्यांच्या स्ट्रिप्सच घेऊन जा, "ती गुलाबी गोळी" म्हणून चालत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या काही दिवस आधी बंद कराव्या लागू शकतात, शुगरच्या काही गोळ्या आधीच्या दिवसांत किंवा त्या सकाळी बंद ठेवायच्या असतात आणि बीपीच्या बऱ्याचशा चालूच ठेवून घोटभर पाण्यासोबत घ्यायच्या असतात. यातलं कुठलं कधी ते फक्त डॉक्टरांनी सांगायचं, लिहून घ्या. वडिलांच्या वेळी आम्ही आपल्याच मनाने बीपीची गोळी चुकवली, सकाळी बीपी १८० च्या वर, आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी गेलं. काढे, आयुर्वेदिक चूर्णं, जिमची पावडर हेही सांगायचं, ते औषध नाही असं समजून लोक गाळतात.

आदल्या रात्री उपाशी

साधारण नियम असा की हलकं जेवण ६ तास आधीपर्यंत, तेलकट-तुपकट असेल तर ८ तास, आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत. चहा दुधाचा असतो त्यामुळे तो पाण्यात मोजू नका, जेवणात मोजा. तुमचं हॉस्पिटल रात्री बारानंतर काहीच नको म्हणालं तर तेच पाळा, फक्त पाण्याचं एकदा विचारून घ्या. कारण समजलं की पाळणं सोपं जातं: भूल दिली की गिळायची-खोकायची ताकद जाते, पोटात अन्न असेल आणि ते उलटून वर आलं तर सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून सकाळी आईने प्रेमाने "एक बिस्कीट खा रे, कोणाला कळतंय" म्हणत डबा पुढे केला तरी खायचं नाही. आणि चुकून खाल्लंच असेल तर सांगून टाका, ऑपरेशन चार तास पुढे जाईल एवढंच.

पिशवीत काय: फाईल, आधार, पॉलिसी, समोरून बटणं असलेला सैल शर्ट किंवा गाऊन, सैल नाडीची पँट (बेल्ट-जीन्स अजिबात नको, नाभीजवळच टाका असतो), चप्पल घसरणारी नको, लांब वायरचा चार्जर, पाण्याची बाटली, स्ट्रॉ, नातेवाईकाला पांघरूण. डिसेंबर-जानेवारीत असाल तर स्वेटर आणि कानटोपी दोघांनाही, निफाडचा पारा पेपरात छापून येतो त्या दिवसांत हॉस्पिटलचा कॉरिडॉर पण काही कमी नसतो. दागिने घरीच. नेलपॉलिश काढून या, कारण बोटाच्या क्लिपमधून ऑक्सिजन मोजतात आणि गडद रंगाने आकडा चुकू शकतो, लग्नसराईत गडद मेंदी असेल तर सिस्टरना सांगून ठेवा.

ॲडमिट झाल्यावर वॉर्डमधे

हातात बँड बांधतात, सुई टोचून व्हेनफ्लॉन लावतात, म्हणजे शिरेत प्लास्टिकची बारीक नळी ठेवतात, सुई आत राहत नाही त्यामुळे हात हलवायला घाबरू नका. पोटावरचे केस मशीनने काढतात, घरी ब्लेड मारून जाऊ नका, बारीक कापलं तर तिथून इन्फेक्शन होतं. अँटिबायोटिकची टेस्ट म्हणून हाताच्या कातडीत थेंबभर इंजेक्शन देऊन पेनाने गोल काढतात, तिथे खाज किंवा सूज आली तर सांगायचं.

मग सही. जाडजूड कागद येतो आणि वॉर्डबॉय घाईत म्हणतो "इथे, इथे आणि इथे." थांबा. वाचा, मराठीत मागा, समजत नसेल तर आरएमओ (वॉर्डचे ड्युटी डॉक्टर) किंवा सर्जनना विचारा. पेशंट शुद्धीवर आणि सज्ञान असेल तर संमती पेशंटची लागते, नवऱ्याने बायकोच्या वतीने परस्पर सही ठोकायची नसते. सुप्रीम कोर्टाने २००८ मधे एका केसमधे स्पष्ट सांगितलंय की तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे पुढच्या ऑपरेशनची संमती नव्हे, जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी. पित्ताशयाच्या कागदात "गरज पडल्यास पोट उघडून" असं लिहिलेलं असतं, त्याने दचकू नका. आत फार चिकटलेलं असेल किंवा नीट दिसत नसेल तर सर्जन दुर्बीण सोडून मोठा काप घेतात, तो सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय असतो, फेल गेलं असा त्याचा अर्थ नाही. फक्त तसं झालं तर मुक्काम आणि दुखणं वाढतं, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

ओटीच्या आत

आधी तो गाऊन, मागून नाड्यांचा. आत्मसन्मान वॉर्डमधेच ठेवून जायचं. स्ट्रेचरवरून जाताना फक्त ट्यूबलाइटी दिसतात. ओटी थंडगार असते, मी कुडकुडत होतो ते भीतीने का थंडीने ते माझं मलाच कळेना, मागितलं तर ब्लँकेट देतात.

मला चार वेगवेगळ्या माणसांनी नाव विचारलं आणि कशाचं ऑपरेशन ते विचारलं. चौथ्यांदा माझी सटकली, ह्यांना माहीत नाही का मी कोण. नंतर कळलं की हे मुद्दाम असतं, डब्ल्यूएचओने २००८ मधे एक चेकलिस्ट काढली, भुलेच्या आधी, काप घ्यायच्या आधी आणि पेशंट बाहेर काढायच्या आधी असं तीन वेळा थांबून पेशंट तोच, जागा तीच, बाजू तीच, सामान मोजलेलं, हे मोठ्याने बोलून तपासायचं. तर दर वेळी पूर्ण नाव आणि "पित्ताशय" असं नीट सांगा, कंटाळू नका. हर्निया, गुडघा, डोळा असं डावं-उजवं असेल तर वॉर्डमधेच पेनाने खूण करून घेतात, नाही केली तर आठवण करा.

छातीला चिकटपट्ट्या, बोटाला क्लिप, दंडाला बीपीचा पट्टा जो दर थोड्या वेळाने आपोआप आवळतो, मांडीला एक गार पॅड (कॉटरीसाठी, म्हणजे रक्त थांबवायला विजेने चटका देतात त्यासाठी). मग पूर्ण भूल असेल तर तोंडावर मास्क, त्यातून नुसता ऑक्सिजन, प्लास्टिकचा वास येतो. हाताच्या सलाइनमधून पांढरं दुधासारखं औषध सोडतात तेव्हा शिरेत चुरचुरतं, ते नॉर्मल. मी मनात दहापर्यंत मोजायचं ठरवलं होतं, चार आठवतो. नळी वगैरे सगळं त्यानंतर, आपल्याला काहीच कळत नाही. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून तंबूसारखं फुगवतात म्हणजे आत कॅमेऱ्याला जागा होते, आणि पित्ताशय सुटं करून एका छिद्रातून बाहेर काढतात. साधारण तासाभराचं काम, पण घरच्यांनी घड्याळ लावून बसू नये, आधीची तयारी आणि नंतरची जाग धरून पेशंट दिसायला अडीच-तीन तास सहज जातात. बाहेर बसलेल्यांचा जीव इथेच टांगणीला लागतो म्हणून हे त्यांना वाचायला द्या.

वडिलांना कमरेतून भूल होती. तिचा प्रकार वेगळा. बसवून पाठ मांजरासारखी बाकवायला लावतात, खांदे सैल, हनुवटी छातीला, कोणीतरी समोरून धरून ठेवतं, हलायचं नाही, सुई बारीक असते. पाच-दहा मिनिटांत पाय गरम, मग जड, मग आपले नाहीतच असं होतं. आवाज सगळे ऐकू येतात, ओढल्यासारखं-दाबल्यासारखं कळतं पण दुखत नाही, दुखलं तर लगेच सांगायचं, सहन करण्याचं बक्षीस नाही. नको वाटत असेल तर झोपेचं हलकं औषध मागता येतं. ऑपरेशननंतर दोन-चार तास पाय हलत नाहीत, वडील घाबरून सारखे "पाय गेले रे माझे" करत होते. हळूहळू मुंग्या येऊन परत येतात. तोवर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलं तरी कळत नाही. आणि "कमरेतल्या इंजेक्शनने आयुष्यभर कंबर धरते" हे जे घरोघरी सांगतात त्यात तथ्य नाही, टोचल्याजागी चार दिवस दुखू शकतं. एक मात्र लक्षात ठेवा, नंतरच्या दोन-तीन दिवसांत बसल्यावर डोकं फुटेल असं दुखतंय आणि आडवं झालं की थांबतंय असं असेल तर ते या भुलेचं असू शकतं, डॉक्टरांना तसंच सांगा, उपाय आहे.

जाग आल्यावर पहिले चोवीस तास

पहिल्यांदा ऐकू येतं, मग डोळे उघडतात. कोणीतरी नावाने हाका मारून जीभ दाखवा, मान उचला म्हणत असतं. घसा खवखवतो (नळीमुळे, एक-दोन दिवस), अंग थडथड उडतं (थंडी आणि भुलेमुळे, ब्लँकेट देतात, थांबतं), मळमळतं. काही लोक रडतात, काही बडबडतात. मी म्हणे सिस्टरना सिटीलिंकची बस चुकली का विचारत होतो. नातेवाईकांनी ह्याचे व्हिडिओ काढू नयेत, प्लीज.

लघवीची नळी घातलेली असेल तर लघवी लागल्यासारखं सतत वाटतं, पिशवीत जातच असते, ओढाताण करायची नाही. नळी नसेल तर सहा-आठ तासांत लघवी व्हायला हवी, नाही झाली तर सांगायचं, विशेषतः कमरेतली भूल आणि वयस्कर पुरुष असेल तर, प्रोस्टेटमुळे अडकते. वडिलांचं तेच झालं आणि ते संकोचाने बोललेच नाहीत, पोट फुगून टम्म झाल्यावर आम्हाला कळलं. काही जणांना पोटातून एक नळी बाहेर काढून डबी लावलेली असते, ड्रेन म्हणतात, त्यात लालसर पाणी येतं, एक-दोन दिवसांत काढतात.

दुखणं शून्य ते दहा आकड्यात विचारतात. खरा आकडा सांगा. दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग छातीत कफ साठतो आणि न्यूमोनियाकडे जातं, त्यामुळे दुखण्याचं औषध घेणं हा लाडाचा भाग नाही. तीन रंगीत बॉलचं प्लास्टिकचं खेळणं देतात ना, त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो, वॉर्डमधल्या निम्म्या लोकांना हे उलटं करताना पाहिलंय. तासाला आठ-दहा वेळा. खोकला आला तर उशी पोटाला घट्ट दाबून खोका.

आता तो खांदा. पोटात उरलेला गॅस श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, खालून डिवचतो आणि श्वासपटलाची नस मानेतूनच निघते जिथून खांद्याच्याही नसा येतात, म्हणून मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. एक ते तीन दिवस. चालल्याने बरं वाटतं, शेक चालतो का ते सिस्टरना विचारा. पण छातीत दाब, घाम, दम लागणं असं काही सोबत असेल तर गॅस म्हणून गप्प पडू नका, बेल दाबा.

संध्याकाळी चालवतात. त्याच दिवशी! पोटाला चार भोकं असताना. सिस्टर म्हणाल्या "उठा" तेव्हा मला ती थट्टा वाटली. पद्धत अशी: आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताने रेटा देऊन बसायचं, दोन मिनिटं बसून राहायचं, चक्कर नाही ना बघायचं, मग कोणाला तरी धरून उभं. सरळ उताणं असताना पोटाच्या जोरावर उठायला गेलात तर तारे दिसतील. लवकर चालल्याने पायात रक्ताची गाठ व्हायचा धोका कमी होतो आणि आतडी जागी होतात, झोपून असाल तेव्हाही पंजे वर-खाली करत राहा. पाण्याचे घोट, मग चहा किंवा भाताची पेज, मग मऊ भात-वरण, हा क्रम त्यांच्या परवानगीने. "गॅस पास झाला का" हा प्रश्न डॉक्टर सगळ्यांसमोर विचारतात आणि झाला की आख्खं खानदान खूश होतं.

भेटायला येणाऱ्यांचं काहीतरी करा. माझ्याकडे पहिल्याच दिवशी अकरा माणसं, नारळपाणी सहा, आणि एक जण द्राक्षांची पेटी. नातेवाईकांपैकी एकाने दारात उभं राहून प्रेमाने परत पाठवायचं काम घ्यावं, आमच्याकडे मेहुण्याने घेतलं आणि तो अजून दोन घरांत वाईट आहे.

डिस्चार्ज

दुर्बिणीच्या ऑपरेशनला साधारण एक-दोन दिवसांत सोडतात. सकाळी नऊला राउंडमधे डॉक्टर "जा घरी" म्हणतात आणि प्रत्यक्ष तुम्ही संध्याकाळी निघता, ते अंतर बिलाचं. मे २०२४ मधे इर्डाने (विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) विमा कंपन्यांना घालून दिलेल्या नियमाप्रमाणे ॲडमिशनच्या वेळची कॅशलेस मंजुरी एक तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची असते, त्याहून उशीर होऊन हॉस्पिटलने जादा चार्ज लावला तर तो कंपनीने सोसायचा. हे नम्रपणे टीपीए डेस्कला आणि कंपनीच्या हेल्पलाइनला बोलून दाखवा, फरक पडतो.

निघण्याआधी हातात काय काय असायला हवं: डिस्चार्ज कार्ड, आयटमवार बिल, सगळे रिपोर्ट आणि फिल्म, गोळ्या कशा घ्यायच्या ते सिस्टरकडून तोंडी समजून, टाके कधी काढायचे की विरघळणारे आहेत, आणि रात्री-बेरात्री फोन कुठल्या नंबरवर करायचा. शेवटचं विसरू नका. खडे डबीत घालून देतात, माझे सतरा निघाले, घरी सगळ्यांनी मोजले. आणि काढलेलं पित्ताशय तपासणीला जातं, त्याचा बायोप्सीचा रिपोर्ट आठवड्याभराने येतो, तो लोक आणायलाच जात नाहीत. क्वचित त्यात काहीतरी गंभीर निघू शकतं म्हणून तो आणायचा आणि सर्जनना दाखवायचा.

घरी जाताना बाइक किंवा रिक्षा टाळा, कार असेल तर पुढची सीट मागे करून, पोट आणि सीटबेल्टच्या मधे उशी. मुंबई नाक्यावरून आडगावपर्यंत जाताना स्पीडब्रेकर किती आहेत हे मला त्या दिवशी समजलं, प्रत्येकाला उशी दाबून धरली.

घरी

पहिले चार-पाच दिवस थकवा इतका की अंघोळ करून आलं तरी झोप लागते, ह्याने घाबरू नका. अंघोळ बहुतेक दोन दिवसांनी चालते, पाण्याचा फवारा चालतो, चोळायचं नाही, टिपून कोरडं करायचं. नाभीजवळच्या टाक्याभोवती निळं-जांभळं होतं, ते उतरतं. हळद, तूप, कुठला लेप, काही लावायचं नाही, आजीला वाईट वाटलं तरी. शौचाला कडक होते (दुखण्याच्या गोळ्यांनी), कुंथू नका, पाणी आणि पपई घ्या, डॉक्टरांना औषध मागा. उलट काही जणांना तेलकट खाल्लं की जुलाब होतात कारण पित्त आता साठून न राहता सतत उतरतं, काही आठवड्यांत बहुतेकांचं बसतं. भात, आमटी, भाकरी, फळभाज्या चालतात, आयुष्यभराचं पथ्य असं काही नसतं, सुरुवातीला तेल-तूप कमी आणि थोडं थोडं चार वेळा.

टेबलावरचं काम असेल तर आठवड्या-दहा दिवसांत लोक जातात. सातपूर-अंबडला कंपनीत उचलाउचलीचं काम असेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या, दुर्बिणीला साधारण दोन-चार आठवडे आणि उघड्या ऑपरेशनला सहाच्या आसपास जड उचलायचं नाही, भरलेली बादली आणि सिलेंडर पण जडमधेच येतात. गाडी चालवायची कसोटी सोपी आहे: बंद गाडीत बसून कचकन ब्रेक दाबून बघा, पोटात कळ आली तर अजून नाही, आणि गुंगीच्या गोळ्या चालू असेपर्यंत तर नाहीच.

आणि हे झालं तर उद्या बघू नाही, लगेच फोन नाहीतर कॅज्युअल्टी: १०१ च्या वर ताप किंवा थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गर्द पिवळी, पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणं, पोट फुगून उलट्या, टाक्यातून पू किंवा पित्तासारखं हिरवं-पिवळं पाणी, ड्रेसिंग रक्ताने भिजणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं. दम लागला किंवा शुद्ध हरपायला लागली तर १०८ लावा, गाडी शोधत बसू नका.

फॉलोअपला सातव्या-दहाव्या दिवशी टाके काढले, काढताना मुंगी चावल्यासारखं होतं, तेवढंच. बायोप्सी नॉर्मल आली. मी परत तोच प्रश्न विचारला, डॉक्टर म्हणाले, "महिना जाऊ द्या, मग अर्धी प्लेट, तर्री न घालता." पस्तिसाव्या दिवशी गेलो. अर्धी प्लेट देत नाहीत तिथे, पूर्ण घेतली, तर्री बाजूला ठेवली आणि दही मागवलं, मेहुण्याने माझी तर्री पण संपवली.